सिसिलबाईंचा ओटा

वसईच्या एसटी स्टँडवर ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली आहे, त्यांनी सिसिलबाईंचा आवाज ऐकलेला असणार. त्यांना पाहिलेलं मात्र फार थोड्यांनी. कंट्रोलरच्या खोलीत जाळीमागे बसून त्या भोंग्यातून सांगायच्या, अर्नाळ्याला जाणारी गाडी फलाटाला लागली आहे. त्या ‘लागली आहे’मधलं ‘आहे’ त्यांनी कधी गिळलं नाही. मी लग्न होऊन साताऱ्याहून वसईत आले तेव्हा इथल्या गावांची बोली माझ्या कानांना नवी होती. बाजारात केळीवाली काय म्हणते ते कळायचं नाही आणि पुन्हा विचारायची लाज वाटायची. स्टँडवर आलं की तो आवाज यायचा आणि मला हायसं वाटायचं. या गावात एक माणूस तरी माझ्याशी नीट बोलतं, असं वाटायचं.

पुढे कितीतरी वर्षांनी मी काम करायचे त्या वालीवच्या कारखान्यातली एक मैत्रीण मला एका रविवारी वसईजवळच्या वटार गावी घेऊन गेली. तिथे गोष्टी सांगतात, चल, एवढंच तिने सांगितलं होतं. केळीच्या वाडीतून जाणारी वाट, पुढे एक नवं सिमेंटचं घर, आणि त्या घराला अजिबात न शोभणारा जुना, लांब, लाल कोब्याचा ओटा. दारात जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “चहा साखरेचा की बिनसाखरेचा?”

मी उत्तर द्यायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

“तुझी कुठली गाडी चुकली होती?” त्यांनी विचारलं.

त्यांना याची सवय होती. आवाजावरून ओळखणारी माणसं आधी अशीच गप्प होतात, म्हणाल्या.

तो ओटा कसा राहिला याचीही एक हकिकत होती. घर नव्याने बांधताना इंजिनिअरने ओटा पाडून तिथे गाडी लावायची जागा काढली होती. मुलाला ते पटलंही होतं. सिसिलबाईंनी नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, गाडी उन्हात उभी राहिली तर तिला काही वाटत नाही, माणसांना वाटतं. विषय संपला. मुलाची गाडी चिंचेखाली उभी राहू लागली आणि दर सकाळी तो तिच्यावरची पाखरांची घाण पुसताना आईकडे न बघता काहीतरी पुटपुटत असे.

निवृत्त झाल्यावर त्या ओट्यावर त्यांनी हा गोष्टींचा मेळा सुरू केला. नाव काही ठेवलं नाही, म्हणून लोक त्याला ओटाच म्हणू लागले. रविवारी चहाच्या वेळेला माणसं जमायची. शाळेतल्या दोन बाई, एक नर्स, एक रिक्षावाले, नव्या टॉवरांत राहायला आलेले मुंबईचे नोकरदार, गावातल्या म्हाताऱ्या. ज्याला सांगायची त्याने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी ऐकायची. हातात कागद नको, माइक नको. मोबाइल बंद करून मासळीच्या एका धुतलेल्या टोपलीत ठेवायचे. एकदा एका बाईंनी गोष्टीचं रेकॉर्डिंग करू का म्हणून विचारलं. सिसिलबाई म्हणाल्या, जरूर करा, पण मग तुम्हाला ऐकायला मिळणार नाही. त्या बाईंनी थोडा विचार केला आणि फोन टोपलीत टाकला.

गोष्ट सांगण्याबद्दल त्यांना जे काही म्हणायचं असे, ते सगळं त्या स्टँडच्या भाषेत म्हणायच्या. कोणी घाईघाईने सुरुवात केली की म्हणायच्या, अजून गाडी फलाटाला लागली नाही, माणसं कुठे चढवता? आधी गाव सांगा, वेळ सांगा, माणूस दाखवा. कोणी मध्येच भरकटलं तर म्हणायच्या, ही गाडी भुईगावची होती ना, मग विरारला कशी निघाली? आणि शेवट झाल्यावरही बोलत राहणाऱ्याला त्या नुसतं सांगायच्या, “उतरा आता.”

एका गोष्टीची मात्र त्यांना चीड होती. गोष्ट संपवून कोणी ‘यावरून आपल्याला काय शिकायला मिळतं’ असं सुरू केलं की त्या उठून आत चहा टाकायला जायच्या. भांड्यांचा आवाज मुद्दाम मोठा करायच्या. शाळेतल्या बाईंना ही सवय मोडायला बराच काळ लागला, आणि त्या काळात आम्हाला चहा फार मिळाला.

दातारसाहेबांची गंमत मी स्वतः पाहिली. हे विमा कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, तरुणपणी हौशी नाटकांत कामं केलेले. आवाज असा की वाडीतले कावळे उडावेत. त्यांनी एका राजाची गोष्ट सांगितली. राजाचा आवाज वेगळा, प्रधानाचा वेगळा, घोड्याच्या टापासुद्धा तोंडाने काढल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. सिसिलबाईंनी वाजवल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “दातारसाहेब, आवाज तुमचा फार सुंदर आहे. आम्ही तोच ऐकत बसलो. राजाचं काय झालं ते राहून गेलं.”

दातारसाहेब उठून गेले. पुढचे काही रविवार आले नाहीत. माझ्या मैत्रिणीने सिसिलबाईंना सांगितलं की तुम्ही जरा कडक बोललात, फोन करा. त्यांनी फोन केला नाही. त्यांना माणसांची मनधरणी जमत नसे, आणि हा त्यांचा दोष होता हे मी इथे लिहिलंच पाहिजे. त्या कडक बोलण्याने दोघं-तिघं जण कायमचे तुटलेही. पण दातारसाहेब परत आले. आल्यावर कोणाशी न बोलता पुढे बसले आणि आपल्या आईबद्दल सांगू लागले. आईला लकवा झाला होता, लिफ्ट बंद होती, आणि त्यांनी तिला खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं होतं. प्रत्येक मजल्यावर टेकायला थांबलं की आई शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी मोठ्याने वाचायची आणि त्या घरातल्या माणसांच्या भानगडी सांगायची. दातारसाहेब हे घरात बोलावं तसं बोलले. हात मांडीवर ठेवून, आवाज न चढवता. आम्ही हसत होतो आणि नर्सबाई डोळे पुसत होत्या. संपल्यावर दातारसाहेबांनी सिसिलबाईंकडे पाहिलं.

“चौथ्या मजल्यावर कोण राहत होतं ते तुम्ही सांगितलंच नाही,” त्या म्हणाल्या.

दातारसाहेब खुर्चीत मागे रेलून हसले. ती त्यांना मिळालेली सगळ्यात मोठी दाद होती आणि त्यांना ते बरोबर कळलं होतं.

ओट्यावर बक्षीस असायचं ते सुकेळीचं. वाडीतली केळी सोलून उन्हात सुकवायची, केळीच्याच वाळक्या सोपटात गुंडाळायची, ती वसईकडची सुकेळी. सिसिलबाईंच्या बहिणीच्या घरी ती होत असत. दर रविवारी एक पुडकं कोणाला तरी मिळायचं. नव्या माणसाला वाटायचं, उत्तम सांगणाऱ्याला मिळत असेल. ते मिळायचं उत्तम ऐकणाऱ्याला. ते कसं ठरवायचं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गोष्ट चालू असताना त्या सांगणाऱ्याकडे कमी आणि आमच्याकडे जास्त बघायच्या, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. मला ते पुडकं मिळालं त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला दाखवलं होतं. त्याला वाटलं, बाजारातून आणलं.

त्यांची स्वतःची गोष्ट ऐकायची म्हणजे पर्वणी. पण नवी गोष्ट त्या ओट्यावर एकदम आणत नसत. आधी ती फोनवर बहिणीला सांगायच्या, मग भाजी निवडताना सुनेला, मग वाडीत पाणी लावताना केळींना. जिथे बहीण ‘हं’ म्हणायची थांबली, तिथे काहीतरी कापायचं, असा त्यांचा हिशेब. वडिलांच्या पानवेलीच्या गोष्टी त्या घरच्या बोलीतच सांगायच्या. मला अर्धे शब्द कळायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, जरा आमच्या मराठीत सांगा ना. त्या म्हणाल्या, प्रयत्न केला होता, पण त्या मराठीत वडील चपला घालून येतात. आमचे वडील अनवाणी असायचे.

जानकीबाई ओट्यावर आल्या त्या याच काळात. म्हणजे आधी त्या आल्याच नाहीत. त्या पाचूबंदरच्या कोळीण, वटारच्या नाक्यावर मासळीची पाटी घेऊन बसायच्या. सिसिलबाई त्यांच्याकडूनच मासळी घ्यायच्या. ओट्याबद्दल ऐकल्यावर एक दिवस जानकीबाई त्यांना म्हणाल्या, “बाय, मना एक गोष्ट सांगायची हाय. पन तू सांग. तुझ्या तोंडात ती बरी दिसेल.”

सिसिलबाई तिथेच पाटीशेजारी बसल्या. पावसाळा होता, होड्या बंद होत्या, सुक्या मासळीला गिऱ्हाईक थोडं. तो अख्खा पावसाळा त्या नाक्यावर जाऊन बसत राहिल्या आणि जानकीबाईंनी ती गोष्ट तुकड्यातुकड्याने त्यांना सांगितली. पण ओट्यावर ती सांगायला त्यांनी साफ नकार दिला. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, “माझ्या तोंडात ती फार छान होईल. म्हणूनच नको.”

जानकीबाई रुसल्या. त्यांची अडचणही खरी होती. त्या गोष्टीत त्यांचा दीर होता. दीर आता हयात नव्हता, पण दिराची बायको भिंतीला भिंत लागून राहत होती, आणि साऱ्या म्हातारपणात त्यांना तिचाच आधार होता. सिसिलबाईंनी त्यांना सांगितलं, की सांगायचं की नाही ते तू ठरव. घाई कोणालाच नाही.

त्यानंतर सिसिलबाईंचा आवाज बसू लागला. आधी आम्हाला सर्दी वाटली, मग त्यांना चिंता वाटू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे, काढावी लागेल. सुनेबरोबर दवाखान्यात मीही गेले होते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी त्यांना मोकळेपणाने सांगितलं, की आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री देता येत नाही. सिसिलबाईंनी विचारलं, ऐकू येण्यात काही फरक पडेल का? डॉक्टर म्हणाले, कानाचा याच्याशी संबंध नाही. मग काढा, असं म्हणून त्यांनी चष्मा सुनेच्या हातात दिला.

गाठ साधी निघाली. पण पुढचे काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद मिळाली. ओटा बंद ठेवू या, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. त्या रविवारी त्या मागच्या खुर्चीवर येऊन बसल्या आणि नेमक्या त्याच रविवारी जानकीबाई आल्या. बरोबर जाऊबाईंना घेऊन आल्या. येण्यापूर्वी त्यांनी जावेला एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या नवऱ्याचं नाव निघेल. जाऊबाई पुढे, भिंतीला टेकून बसल्या.

जानकीबाईंनी सुरुवात चांगली केली. वारा कसा फिरला, बाकीच्या होड्या कशा परतल्या, त्यांच्या नवऱ्याची होडी कशी आली नाही, हे सांगितलं. दीर तापाने घरी राहिला होता म्हणून वाचला, इथपर्यंत आल्या. मग त्यांनी समोर पाहिलं. एवढे सगळे चेहरे, त्यात जावेचा. पदराचं टोक हातात घेऊन त्या म्हणाल्या, मी जाते.

सिसिलबाई मागून उठल्या. आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून पुढे आल्या आणि जानकीबाईंच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवून बसल्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती. आता जानकीबाईंना त्यांच्याशिवाय कोणी दिसत नव्हतं. मग जानकीबाई बोलू लागल्या, आणि त्या आमच्याशी बोलत नव्हत्या, नाक्यावर पाटीशेजारी बसलेल्या त्या एका बाईशी बोलत होत्या.

दिवस गेले, होडीचा पत्ता लागला नाही. लोक म्हणाले, आता वाट बघण्यात अर्थ नाही. जानकीबाई ऐकत नव्हत्या. शेवटी दिराने त्यांना धरून घराबाहेर आणलं आणि त्यांचे हात दगडावर आपटून बांगड्या फोडल्या. त्या ओरडल्या, हात ओढून घेतले, काच मनगटात शिरली. दीर दुष्ट नव्हता, त्या म्हणाल्या. तो रडत होता. त्याला भावाचं जे करायचं ते रीतीने करायचं होतं.

आणि काही दिवसांनी नवरा दारात उभा राहिला. होडी फुटली होती, एका जहाजाने त्याला उचलून कुठल्याशा लांबच्या बंदरात उतरवलं होतं, तिथे तो तापाने पडून होता. घरात पाऊल टाकताच त्याने बायकोचे हात पाहिले आणि विचारलं, कोणी फोडल्या? दीर बाहेर उभा होता. दोघा भावांना पुन्हा एकच होडी करायची होती, एकमेकांवाचून दोघांचंही चालणार नव्हतं.

“मी बोलले, मीच फोडल्या,” जानकीबाई सिसिलबाईंना म्हणाल्या.

नवऱ्याने नव्या हिरव्या बांगड्या आणल्या, स्वतःच्या हाताने चढवल्या. संसार पुढे चालला, मुलं झाली. पण भांडण झालं की तो म्हणायचा, आणि चेष्टेतही म्हणायचा, की ही तर मला पाण्यात सोडून मोकळी झाली होती. सगळे हसायचे, जानकीबाईही हसायच्या. शेवटच्या आजारातही तो एकदा तसं म्हणाला.

“मी नाय सोडलं त्याला,” जानकीबाई म्हणाल्या. “एवढंच सांगायचं व्हतं.”

मग भिंतीशी बसलेल्या जाऊबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, “मी दाराच्या आत व्हते. तुझं ओरडनं ऐकलं. मी दार नाय उघडलं.”

जानकीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तेव्हा त्या दोघी सुना अगदी लहान होत्या, हे आमच्या आत्ता ध्यानात येत होतं. जानकीबाई उठल्या, जावेजवळ जाऊन बसल्या आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. सिसिलबाई आत गेल्या आणि सुकेळीचं पुडकं आणून त्यांनी जाऊबाईंच्या ओटीत ठेवलं. संध्याकाळच्या बसने दोघी एकत्र घरी गेल्या.

बोलायची मुभा मिळाली तेव्हा सिसिलबाईंचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. पाणी उकळायच्या आधी भांडं जसा बारीक सूर धरतं, तसा तो झाला होता. एका दुपारी मी न सांगता गेले तर त्या मागच्या दारात, वाडीकडे तोंड करून, अर्नाळ्याची गाडी पुकारून बघत होत्या. ‘अर्नाळ्या’वर आवाज फाटला. मला पाहून त्या ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, “तो गेला. ठीक आहे. तो एसटीचा होता, हा माझा.”

त्या वाक्यामागे रडणं झालं असेल तर ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर खुर्च्यांच्या रांगा नव्हत्या. त्यांनी ओट्यावर चटया अंथरल्या होत्या आणि सगळ्यांना इतकं जवळ बसवलं की दातारसाहेबांचा गुडघा माझ्या कोपराला लागत होता. त्यांनी पानवेलीची गोष्ट सांगितली. आवाज एवढा बारीक की पंखा बंद करावा लागला. आम्ही घामाघूम होऊन पुढे वाकून ऐकत होतो. ती गोष्ट मी आधीही ऐकली होती. पण या वेळी वडील वेलीवरचं पान खुडतात तिथे मला ते खुडल्याचा आवाज ऐकू आला. तेव्हापासून ओट्यावर चटयाच असतात. नवी माणसं येतात, त्यांना वाटतं ही पहिल्यापासूनची पद्धत आहे.

सिसिलबाई आजही वटारला आहेत आणि ओटाही चालू आहे. तिथे नसते ती मी. कारखाना वालीवहून हलला, गावी साताऱ्याला सासऱ्यांचं दुखणं निघालं, आम्ही तिकडे परत आलो. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला मी वटारला गेले तर सून म्हणाली, त्या पाचूबंदरला गेल्या आहेत, हल्ली सारख्या जातात. मी रिक्षा करून तिकडे गेले.

किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते. त्यांच्या सावलीत जानकीबाई, त्यांची जाऊ आणि आणखी तीन-चार कोळिणी मासळी निवडत बसल्या होत्या. त्यांच्यात, वाळूवरच, मांडी घालून सिसिलबाई. जानकीबाई काहीतरी सांगत होत्या. बर्फाच्या गाडीवरून दोन बायकांत झालेल्या भांडणाचं काहीतरी होतं. त्यांचे हात बोंबील सोडून हवेत फिरत होते आणि सिसिलबाई किंचित तोंड उघडं ठेवून ऐकत होत्या. ज्या बाईंना मी इतकी वर्षं सांगणारी म्हणून ओळखत होते, त्यांचा ऐकतानाचा चेहरा मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला.

मी जवळ जाऊन हाक मारणार, तेवढ्यात त्यांना माझी चाहूल लागली. त्यांनी माझ्याकडे न वळता हात वर केला आणि मला होते तिथेच थांबवलं. मी पिशवी धरून उन्हात उभी राहिले. जानकीबाईंनी भांडण शेवटापर्यंत नेलं, बर्फ वितळून गेला, सगळ्या बायका हसल्या, सिसिलबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. तो नीट करून त्या माझ्याकडे वळल्या आणि आपल्या बारीक आवाजात म्हणाल्या, “आता ये.”